हॅम आधी ओळखा, ग्लेझ शेवटी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांतून केक, नेवऱ्या, दोदोल यांच्या कृती येऊ लागतात, अलीकडे ग्लेझ्ड हॅमचीही येते, म्हणजे गोड, चकचकीत लेप (ग्लेझ) लावून भाजलेल्या हॅमची. तिची सुरुवात बहुधा 'एक हॅम घ्या' अशी असते. कोणता, हे कुणी लिहीत नाही, आणि निम्म्या घरांत हॅम बिघडतो तो तिथेच. आपल्या पुरवणीत तरी हे नीट यावे, म्हणून हे पत्र.

खाटकाकडे मिळणारी डुकराची ताजी मांडी म्हणजे हॅम नव्हे. हॅम खारवलेला असतो. खारवणीतल्या नायट्राइट या क्षारामुळे तो शिजल्यावरही गुलाबी राहतो. तो कच्चा समजून पुन्हा पुन्हा ओव्हनमध्ये सारला की चोथा होतो. ताज्या मांडीचे चांगले रोस्ट होते, पण नायट्राइट घरी अंदाजाने वापरू नये. त्याची मात्रा चुकली तर विषबाधा होते. खारवलेल्या हॅममध्येही दोन प्रकार. वेष्टनावर 'पूर्ण शिजवलेला' असे असेल तर फक्त गरम करायचा. तसे नसेल किंवा खात्री नसेल तर कच्चा समजावा. चोर्ला घाटातून गोव्याहून आणणाऱ्यांनी तो बर्फाच्या डब्यातूनच आणावा. गोठलेला असेल तर दोन दिवस आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, ओट्यावर नाही.

सहा जणांना बिनहाडाचा दीड किलो पुष्कळ होतो. कच्चा हॅम रात्रभर थंड पाण्यात, फ्रीजमध्येच भिजवावा आणि पाणी दोनदा बदलावे. ही पायरी गाळली की मीठ आत राहते, आणि वरून कितीही गूळ लावला तरी झाकत नाही. मग नवे पाणी, कांदा, तमालपत्र, मिरी घालून मंद आचेवर सुमारे दीड तास. पाणी नुसते थरथरले पाहिजे. खळखळून उकळले तर मांसाचे धागे आकसतात आणि रस पाण्यात जातो. कुकरची शिट्टी तर नकोच. मधोमध थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसले की झाले. डुकराच्या मांसाला अंदाज चालत नाही. शिजवलेला हॅम मात्र तळाशी अर्धी वाटी पाणी घालून, फॉइलने घट्ट झाकून, ओव्हनमध्ये १६० अंशांवर साधारण दीड तास. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला असेल तर आत ६० अंश पुरतात. दुकानात कापून बांधून दिलेला असेल तर ७४ च धरावे.

आता ग्लेझ. आपल्याकडे गुळाला तोटा नाही, आणि ब्राउन शुगरपेक्षा काळसर गूळ हॅमला जास्त शोभतो असे आमचे ठाम मत आहे. १०० ग्रॅम गूळ, अर्धी वाटी संत्र्याचा रस, दोन चमचे नारळाचे व्हिनेगर, एक मोठा चमचा वाटलेली मोहरी. गूळ रसात विरघळवून आधी गाळून घ्यावा, नाहीतर कचकच लागते. मग बाकीचे घालून चमच्याला लेप बसेपर्यंत आटवावे. एकतारी पाकापर्यंत नेऊ नये. थंड होताच तो फार घट्ट होतो. पातळ राहिला तर ओघळून ट्रेमध्ये जळतो.

हॅमची साल काढावी, चरबीचा अर्धा सेंटिमीटर थर ठेवावा. त्यावर शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या रेघा माराव्यात, चरबीपुरत्याच. मांसापर्यंत सुरी गेली की रस तिथून निघून जातो. चौकटीत एकेक लवंग टोचावी. पृष्ठभाग कापडाने कोरडा टिपावा, ओल्यावर ग्लेझ धरत नाही.

इंग्रजी कृतीतले २२० अंश घरच्या छोट्या ओटीजीत चालत नाहीत. वरची सळई हॅमच्या अगदी जवळ असते, आणि गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. १९० अंश पुरे. ट्रे खालच्या खाचेत, दर पाच-सात मिनिटांनी ग्लेझचा एक हात, असे तीन हात. एकूण वीस मिनिटांच्या आत. या वेळी ओव्हनसमोरून हलू नये, सोनेरी आणि कडू यांत दोनच मिनिटांचे अंतर असते. वीज गेली तर जाड बुडाच्या कढईत ग्लेझ घालून मंद आचेवर हॅम उलटत राहावे. चकाकी थोडी कमी येते, चव तीच.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे थांबून, धाग्यांच्या आडवे पातळ काप करावेत.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. डिसेंबरची थंडी म्हणून बाहेर राहू देऊ नये. तीन-चार दिवस टिकतो. हाडासकट घेतला असेल तर ते हाड राजम्याबरोबर शिजवावे, आणि मीठ चाखल्याशिवाय घालू नये.

आपले नम्र,
काही वाचक, कॅम्प, बेळगाव