विन्या, तुझंच खरं निघालं

सातारा,
२१ जानेवारी

प्रिय विन्या,

आधी तिळगूळ घे, मग शिव्या घाल. दिवाळीनंतर तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. तेव्हा कारण काहीच नव्हतं, नुसता आळस. गेल्या सोमवारपासून मात्र कारण आहे, आणि ते फोनवर सांगता येत नाही, कारण आई सदा त्याच खोलीत असते.

थिरथिरा गेला, दर हिवाळ्यात आमच्या अंगणात येणारं ते पाखरू. परत गेला असं नव्हे, जानेवारीत कुठला परत जातोय तो! मेला. काचेवर आपटून.

हो, त्याच काचेवर. म्हण आता काय म्हणायचंय ते.

पडवीत उभा राहून तू म्हणाला होतास, "पडवी बंद करू नकोस, पाखरं आपटतील." आणि मी म्हणालो होतो, "तू रंग विक, पाखरांचं मी बघतो." शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं, आईचा खोकला धुळीनं हटेना, म्हणून मे महिन्यात अडतीस हजार घालून चार तावदानं बसवली. दसऱ्याला हा नेहमीसारखा आला. तीन महिने काही झालं नाही. मनातल्या मनात तुला दोनदा वेड्यातही काढून झालं होतं.

सोमवारी सव्वाआठची वेळ. ऊन नुकतं पायरीवर आलेलं. हा वृंदावनाच्या कडेवर, त्याचं ते ठरलेलं: खाली उडी, मुंगी उचल, परत वर, शेपटीची थरथर. तेवढ्यात सातभाईंनी गलका केला आणि शेवग्यातून शिक्रा खाली आला. बुलबुल कण्हेरीत घुसले, शिंपी जास्वंदीत. हा सरळ काचेकडे. त्याचं तरी काय चुकलं? काचेत अख्खा शेवगा उभा होता, फुलांसकट. सुपारी फेकून मारल्यासारखा आवाज आला, बस.

उचलला तेव्हा गरम होता. मान बोटावरून लोंबत होती. स्मिताच्या डाएटच्या काट्यावर ठेवला (हसू नकोस, का ठेवला मला माहीत नाही), सोळा ग्रॅम भरला. एवढ्या वजनानिशी हिमालयापलीकडून येतात, विन्या. आठ हिवाळे दुर्बिणीतून पाहिला, पण त्याचं काळं हे काळं नाहीच, हे हातात घेतल्यावर कळलं. जळक्या कागदासारखं आहे ते, प्रत्येक पिसाच्या कडेला राख. पोट गंजक्या पत्र्याचं. काचेवर छातीचं एक पीस चिकटून राहिलं होतं, ते संध्याकाळपर्यंत हलत होतं.

आई देवघरात होती तोवर पेरूखाली पुरला. तिला सांगितलं नाही. तुला माहितीये, ती त्याला "पाहुणा" म्हणते, आणि बाबा गेले त्या वर्षापासून सकाळचा चहा त्याच्यासमोरच घेते. तीन दिवस विचारत होती, "आज पाहुणा फिरकला नाही?" मी म्हणायचो, येईल, थंडी आहे.

आणि शुक्रवारी आलाच की! म्हणजे आली. मादी, मातकट तपकिरी, शेपूट तेवढी तांबूस. हिवाळ्यात ह्यांचा प्रत्येकाचा आपापला इलाका असतो, धनी गेला की दुसरं कुणी येऊन बसतं, हे आपण कॉलेजात घोकलेलं. बहुतेक बांधकामाच्या विटांवर राहत असेल ती. आईनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "अरे, ह्याचा रंग उडाला की रे!" मी म्हणालो, "थंडीनं असेल."

(इथे तू असतास तर मोठ्यांदा हसला असतास आणि घोळ केला असतास. हरिपूरच्या घाटावर करड्या धोब्याला पिवळा धोबी ठरवून, मी चूक दाखवली म्हणून दोन दिवस अबोला धरणारा तूच ना?)

आता झोप उडवलीय ती हिनं. तीही ह्याच वाटेनं गेली तर? काच काढावी तर आईचा खोकला. आतून पडदे ओढून पाहिले, बाहेरचं झाड काचेत तसंच दिसतं. स्मितानं ससाण्याचं एक स्टिकर आणलं. एका स्टिकरनं काय होणार, पाखरू बाजूनं जाऊन आपटतं. खुणा काचेच्या बाहेरून हव्यात आणि दोन-दोन इंचांवर हव्यात, मधून जाता येईलसं पाखराला वाटताच कामा नये. म्हणून काल साबणाच्या वडीनं रेघा ओढत होतो. आईनं विचारलं तर थाप मारली, बाहेरून आतलं दिसू नये म्हणून.

तिनं त्या वेड्यावाकड्या रेघा पाहिल्या आणि आत गेली. वर्तमानपत्राची घडी, फूटपट्टी आणि पेटती उदबत्ती घेऊन बसली. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद, विन्या! दोन इंचांवर एक भोक, चुर्र, चुर्र, सगळ्या पडवीत चंदनाचा आणि जळक्या कागदाचा वास. मग मी कागद काचेवर धरला आणि तिनं चिंधीनं चुना टिपला. तिचा हात पोचला तिथवर दोन तावदानं झाली. मी म्हणालो, पुरे आता. तर म्हणते, "वरपर्यंत घे. त्याला वरून यायची सवय होती."

"होती" म्हणाली. मी स्टुलावर चढलो, दुसरं काय करणार.

असो. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन करणार असलास तर पावसाळ्याआधी कर, रत्नागिरीच्या पावसात काठी घेऊन फिरणार आहेस का? चिनूला बारावीसाठी शुभेच्छा सांग. माझं बीपी गोळीवर ठीक.

मुख्य काम: चुना धूळ पुसताना निघतोय. काचेवर धरेल आणि उन्हाळ्यात खरवडून काढता येईल असा पांढरा रंग तुझ्या दुकानात असेल तर पाव लिटर पाठव. दोन तावदानं अजून कोरी आहेत आणि ती बया नेमकी त्यांच्यासमोरच्या दांडीवर बसते. पैसे दुर्बिणीतल्या माझ्या अर्ध्या हिश्श्यातून वळते कर.

तुझा,
सुध्या