विकास गौडा सर, त्या पाच सेंटिमीटरबद्दल आभार

आदरणीय विकास गौडा सर,

२०१३ च्या जुलैत बालेवाडीला आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तेव्हा थाळीफेकीत तुमच्या थाळ्या उचलून आणणाऱ्या पोरांत मी होतो. स्पर्धा खरं तर चेन्नईला व्हायची होती. ती पुण्याला आली आणि आमच्या कॉलेजातल्या काही जणांना स्वयंसेवकाचं काम मिळालं.

काम साधं. थाळी पडली की पळायचं आणि ती हातात धरून फेकणाऱ्याभोवतीच्या जाळीपर्यंत आणून द्यायची. उलट फेकायची नाही, तसा नियमच आहे. दोन किलोची थाळी घेऊन तेवढं अंतर चालत आलं की ते किती आहे हे पायांना कळतं, टीव्हीवर नाही कळत. माझी स्वतःची फेक तेव्हा चाळीस मीटरच्या आतबाहेर. तुमची थाळी परत आणताना मी माझ्या हद्दीत पोचायचो, तेव्हाही निम्म्याहून जास्त वाट शिल्लक असायची! तुम्ही ६४.९० मीटरवर सुवर्ण घेतलंत आणि मी घरी फोन करून असं सांगितलं, जणू त्यात माझाही वाटा होता.

पण हे पत्र त्या दिवसासाठी नाही.

पुढच्या वर्षी माझी फेक वाढायच्या ऐवजी दीड मीटरने घसरली. 'आता नोकरीचं बघ' हा सल्ला मैदानावर आणि घरी एकाच आठवड्यात मिळाला. बूट माळ्यावर टाकायच्या बेतात होतो. त्याच सुमारास, ३१ जुलै २०१४ ला, ग्लासगोत तुम्ही राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलंत. १९५८ ला कार्डिफमध्ये मिल्खासिंगांनी जिंकलं होतं, त्यानंतर अ‍ॅथलेटिक्समध्ये भारतीय पुरुषाला मिळालेलं हे पहिलंच. पेपरात आकडा होता ६३.६४. मला आकडे लिहून ठेवायची खोड आहे. वही काढली, तर २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुलमध्ये तुमचे ६३.६९ होते आणि पदक रौप्य.

म्हणजे चार वर्षांनी पाच सेंटिमीटर कमी, आणि सोनं.

मग वही उलटीसुलटी वाचत बसलो. लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ६४.७९, तुम्ही आठवे. पुण्यात त्याहून अकराच सेंटिमीटर जास्त, तर आशियात पहिले. समोरून वारा मिळाला तर थाळी तरंगते, पाठीमागून आला की लवकर खाली बसते; शेजारचा त्या दिवशी कसा फेकेल हे तर आपल्या हातातच नाही. हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते त्या वहीत. बूट माळ्यावर गेले नाहीत. मोठा खेळाडू मी झालो नाही, पण आणखी तीन वर्षं फेकलं, आणि आता एका शाळेत खेळ शिकवतो.

तुमच्या वाट्याला पडते दिवसही आले. रिओत साठ मीटरही झाले नाहीत, तुमची ती चौथी ऑलिंपिक. २०१८ ला तुम्ही थांबलात. ६६.२८ चा तुमचा राष्ट्रीय विक्रम मुलांना सांगितला की त्यांचे डोळे मोठे होतात. मी मात्र त्यांना ६३.६४ पाठ करायला लावतो.

परवा तालुक्याच्या स्पर्धेत माझी एक मुलगी पहिली आली आणि कोपऱ्यात जाऊन रुसून बसली. सरावात याहून लांब जाते, आज गेली नाही, म्हणून. मी वही दाखवली. तिने दोन्ही आकडे बोटाने वाचले, वजाबाकी केली आणि विचारलं, "सर, मग ग्लासगोत गौडा सर पण रुसले होते का?"

मला काही सांगता आलं नाही. जमलं तर तुम्हीच कळवा. ती वाट बघतेय.

तुमचा,
बालेवाडीचा एक थाळी उचलणारा