बाबा, त्या कागदावर सही करू नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर परत तेच झालं. मी बोलत सुटले आणि बाबा, आजारपणापासून अडखळणारा तुमचा एक शब्द सापडेपर्यंत मी चार वाक्यं पुढे गेले होते, मग तुम्ही फोन आईकडे दिलात. रात्रभर ते लागून राहिलं म्हणून लिहितेय. आई, तू हे सावकाश वाचून दाखव, बाबांना मध्ये थांबायचं असेल तर थांब.

गणपतीच्या कार्यक्रमात आपल्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाने स्टेजवर विनोद करताना जे केलं ते चूकच होतं, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की मी त्याची बाजू घेतेय. मी तिसऱ्या रांगेत होते. आधी त्याने लिफ्ट, टँकर, पार्किंगची भांडणं असं सगळं घेतलं, लोक हसत होते, तुम्हीसुद्धा हसलात. मग तो म्हणाला की आमच्या बिल्डिंगचं वायफाय आणि पहिल्या माळ्यावरचे काका सारखेच, बफरिंग संपतच नाही, आणि तोंड वाकडं करून त्याने तुमचं बोलणं करून दाखवलं. अर्धे लोक हसले, अर्धे आपल्याकडे बघायला लागले. तुमच्या डाव्या हातात आरतीचं पुस्तक होतं, ते तुम्ही मिटलंत, उघडलंत, परत मिटलंत. उजवा हात मांडीवर होता तसाच. आई तू फक्त बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवलास. मला खरंच उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि आजही ते पुस्तक डोळ्यासमोर आलं की माझं डोकं फिरतं.

पण आता सोसायटीचे सेक्रेटरी त्या मुलाविरुद्ध टाइप केलेली पोलीस तक्रार घेऊन घरी आलेत आणि म्हणतात काकांनी फक्त सही करायची, बाकी आम्ही बघतो. आईने मला व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो पाठवला, तो मी नीट वाचला. त्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92 लावलंय. अपंग माणसाला चारचौघांत, त्याची मानहानी व्हावी अशा हेतूने मुद्दाम अपमानित केलं तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. कमीत कमी सहा महिने, बाबा! आणि एकदा एफआयआर झाला की केस सरकारची होते, तुम्ही उद्या म्हणालात की जाऊ दे तरी ती आपोआप मिटत नाही, वकील करा, हायकोर्टात जा. मुलगा 19 वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

तो कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. बसस्टॉपवर कोणी एखाद्या व्हीलचेअरवाल्याला घेरून छळत असेल तर त्याच्या हातात काहीतरी हवंच. आणि अपंगांवरच्या विनोदांनी लोकांना खरंच लागतं, गेल्या वर्षी, ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने काही स्टँडअपवाल्यांना त्यावरून जाहीर माफी मागायला लावली. ती माफी त्यांनी मागायलाच हवी होती असं मला वाटतं. पण कोर्टाच्या धाकाने मागितलेल्या माफीने, ज्याला लागलंय त्याचं किती भरून निघतं हे मला कळत नाही, आणि कुठला विनोद चालेल आणि कुठला नाही हे सरकारने ठरवायला घेतलं तर त्या यादीत पहिल्यांदा कोण जाणार? तुमच्यासारख्या माणसाची थट्टा करणारा जाणार नाही, मंत्र्याची थट्टा करणारा जाईल.

आपण हे बघितलंय ना. 2012 साली बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, दोघींना अटक. एकीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं. आई, तू तेव्हा मला लगेच फोन करून म्हणाली होतीस की तू काही लिहू नकोस गं कुठे. आयटी कायद्याच्या ज्या 66अ कलमाचा त्यात वापर झाला ते सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं, पण तुझ्या आवाजातली ती भीती मला अजून आठवते. आणि मार्च 2025 मध्ये कुणाल कामराने एकनाथ शिंद्यांवर विनोद केला म्हणून खारला त्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी बीएमसीची माणसं हातोडे घेऊन तिथे पोचली, एका विनोदावरून! ज्याने विनोद केला तो तिथे नव्हताही.

बाबा, मला या विषयात पहिला धडा तर तुम्ही दिलाय. 1994 ला बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या बुलेटिनमध्ये वसंत गुर्जरांची गांधींवरची कविता छापली आणि अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा तुम्ही जेवताना ताट बाजूला सारून घरात सगळ्यांना समजावत होतात. कविता तुम्हाला आवडली नव्हती, तुम्ही तर गांधीवाले. पण तुम्ही म्हणालात, न आवडलेल्या कवितेला उत्तर म्हणून लेख लिहा, पोलीस कशाला? ते प्रकरण 21 वर्षांनी, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात निकालाला आलं. माफी छापली होती म्हणून संपादक सुटले, कवीवरचा खटला कोर्टाने चालूच ठेवला. तेव्हा तुम्ही गेट मीटिंगला माइकशिवाय बोलायचात आणि रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. तुमचं बोलणं गेलंय, तुमचं म्हणणं गेलेलं नाही, निदान मला तरी तसं वाटत नाही.

आता जे लिहितेय ते आई, मोठ्याने वाचू नकोस, दार लावून वाच. या तक्रारीत बाबांचा अपमान हा फक्त निमित्त आहे. त्या मुलाच्या वडिलांनी रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही केलेली नाही, कार्पेट एरिया आणि बिल्डरने द्यायच्या कॉर्पसच्या रकमेवरून ते अडून बसलेत, आणि गेले आठ महिने कमिटी त्यांच्या मागे लागलीय. मुलावर केस टाकली की बाप वठणीवर येईल असा हिशोब आहे. नाहीतर मला सांग, बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या 22 दिवसांत कमिटीतलं कोण डोकावलं होतं? त्या मुलाची आई डबा घेऊन आली होती, दोनदा. भावना दुखावल्याच्या केसेस अशाच होतात गं बहुतेक, दुखावलेला माणूस एक असतो आणि त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे वेगळेच.

बाबा, डाव्या हाताने सही यावी म्हणून तुम्ही चार महिने दुरेघी वहीत गिरवलंत. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर पहिल्यांदा ती सही केलीत तेव्हा बँकेतला मुलगा उभा राहिला होता. ती सही या कागदावर नको.

त्याने तुम्हाला धमकी दिली असती, जिन्यात रोज अडवून चिडवलं असतं, चार पोरं जमवून तुमच्या अंगावर सोडली असती, तर मी स्वतः तुम्हाला घेऊन पोलीस स्टेशनला गेले असते आणि एफआयआर घेईपर्यंत उठले नसते. शब्द झोंबणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं, कायद्याने दुसऱ्यात पडावं. पहिल्याचं आपण बघू, आणि बघायचंच आहे, मी ते सोडून द्या असं म्हणत नाहीये. त्याला तुमच्यासमोर यावंच लागेल.

सोमवारी त्याचा मेसेज आला होता, मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. ताई, काकांकडे येऊ का, काय बोलू कळत नाही, असं लिहिलंय. मी त्याला सांगितलं की ये, पण पाठ केलेलं सॉरी बोलून पाच मिनिटांत उठू नकोस. बस तिथे. त्यांना जे म्हणायचंय ते म्हणायला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं लागतील, मध्ये शब्द पुरवायचा नाही, मोबाइल काढायचा नाही, आणि ते तुला रागावले तर ऐकून घ्यायचं.

तुम्हाला त्याला भेटायचं नसेल तर तेही मला मान्य आहे, तसं आईकडून कळवा, मी त्याला सांगेन. भेटणार असाल तर शनिवारी संध्याकाळी पाचला मी पण येते. सेक्रेटरी परत आले तर आई, चहा दे आणि म्हण की मुलगी आल्यावर बोलू. रविवारी मेगाब्लॉक आहे तेव्हा मी शनिवारी राहीन. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, येताना आणते.

तुमची,
चिऊ