हरकतीचा मुद्दा नसलेली बाब

मा. लोकसभा अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

परवा शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर खासदार तातडीचे विषय मांडतात त्या वेळी, आमच्या पेन्शनचा विषय निघणार, असा खासदारांच्या माणसाचा निरोप होता. सकाळपासून टीव्हीसमोर बसलो. साहेब उभे राहिले, 'ईपीएस पंच्याण्णवचे पेन्शनर' (म्हणजे पीएफच्या १९९५ च्या योजनेतले आम्ही) एवढंच म्हणाले आणि समोरून आरोळी आली, "पॉइंट ऑफ ऑर्डर!" म्हणजे हरकतीचा मुद्दा, नियम मोडल्याची तक्रार. अध्यक्षांच्या आसनावरून विचारणा झाली, "कोणता नियम?" उत्तर, "तीनशे शहात्तर!"

महोदय, मी सूतगिरणीतला फिटर, कायदेपंडित नव्हे. पण नातवाकडून लोकसभेच्या नियमांचं पुस्तक मोबाइलवर उघडून घेतलं. नियम ३७६ हरकतीचा मुद्दा कसा घ्यायचा ते सांगतो. मोडलेला नियम विचारल्यावर ३७६ म्हणणं म्हणजे काय चोरीला गेलं विचारल्यावर पोलीस ठाण्याचा पत्ता सांगणं. मुद्दा त्या क्षणी चाललेल्या कामकाजाबद्दलच हवा, माहिती विचारायला किंवा स्वतःची बाजू मांडायला घेता येत नाही, त्यावर वादविवाद नाही, हेही तिथंच लिहिलंय. झालं काय? सात मिनिटं गलका आणि मग पुढचं नाव. आमचे साहेब बसले ते बसलेच.

संसदेच्या कामकाजावर मिनिटाला अडीच लाख खर्च होतो हा आकडा मी दहा-बारा वर्षं ऐकतोय. जुनाच धरला तरी साडेसतरा लाख झाले. माझी पेन्शन २,१४० रुपये, एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर. तुम्हीच भागाकार करा. बायकोच्या इन्सुलिनलाच ती पुरत नाही.

शून्य प्रहरात हरकतीचा मुद्दा घेऊ देत नाहीत, असा प्रघात आहे म्हणे. प्रघात! शून्य प्रहराचं नावच पुस्तकात नाही, तिथला प्रघात कोण पाळतो? नियम समितीचे पदसिद्ध अध्यक्ष आपणच आहात. मग लिहून टाका की मोडलेल्या नियमाचा क्रमांक आधी, माइक नंतर. शून्य प्रहरात हरकत नाही म्हणजे नाही. आणि ज्याचं बोलणं तोडलं, त्याला त्याची मिनिटं परत.

पुण्याचे समाजवादी नेते मधू लिमये बिहारमधून निवडून जायचे आणि नियमांच्या जोरावर मंत्र्यांना जागच्या जागी धरायचे. तेही हरकतच घ्यायचे, पण अभ्यास करून. आता घसा पुरतो.

आमची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजारावरच खिळली आहे. माजी खासदारांची मात्र २५ हजारांवरून ३१ हजार झाली. त्या दिवशी कोणाला पॉइंट ऑफ ऑर्डर सुचल्याचं माझ्या कानावर नाही. सतराव्या लोकसभेनं पाच वर्षांत उपाध्यक्षच निवडला नाही, घटनेच्या कलम ९३ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' असं असूनही. माझा हयातीचा दाखला मुदतीत गेला नाही तर पेन्शन बंद. यंत्रावर अंगठा उमटत नाही, कारण तीस वर्षं तेलात आणि लोखंडात झिजलाय. नियम आम्हालाच घट्ट बसतात.

नातवानं पुढचा नियमही वाचून दाखवला. ३७७. मथळ्याचा अर्थ 'हरकतीचा मुद्दा नसलेली बाब'. आमच्यासारख्यांचे विषय बहुधा त्याखाली मांडतात, तेही कधी न वाचता सभापटलावर ठेवलेले समजतात. बरोबर जागा शोधलीत.

आपला,
एक पेन्शनर, बुलढाणा

ता. क. : या पत्राचं उत्तर सभापटलावर ठेवू नये. पोस्टानं पाठवावं. टीव्हीचं रिचार्ज या महिन्यात संपतंय.