टाचणात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या मागे वार्षिक नियोजन व पाठ टाचणाचे, म्हणजे कोणता धडा कसा शिकवायचा हे वहीत लिहून ठेवण्याचे, काम लागते. उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, कृती, मूल्यमापन. ती वही मी सत्तावीस वर्षे भरली. त्यात एक रकाना वाढवावा, एवढेच सुचवायचे आहे: हा धडा वर्गात कोणाला जड जाईल, आणि त्यासाठी मी काय करणार?

मला हे एका मुलीमुळे कळले, तेही उशिरा. पाचवीत होती, कानाला श्रवणयंत्र. मी तिला पहिल्या बाकावर बसवले आणि आपले काम झाले असे समजले. मार्चमध्ये कूलर लागला, नेमका त्याच बाकाशेजारी. यंत्र माझ्या आवाजासोबत कूलरची घरघरही वाढवून तिच्या कानात ओतत होते. त्यात फळ्याकडे तोंड करून बोलायची माझी खोड. ती ओठ पाहून समजून घ्यायची, आणि तिच्या वाट्याला माझी पाठ. तिची आई भेटायला आली तेव्हा हे कळले. मग बाक हलवला, आधी लिहून मग वळून बोलू लागले, धड्यातले मुख्य शब्द फळ्याच्या कोपऱ्यात राहू लागले. चार दिवसांनी शेवटच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आता समजून राहिलं." त्याच्याकडे दिव्यांगत्वाचे कसलेच प्रमाणपत्र नव्हते.

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांना तर आपण सरळ आळशी ठरवतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. रफार उच्चारायचा आधी आणि द्यायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ज्याला अक्षरांचा क्रमच धरता येत नाही, त्याचे इथे काय होत असेल? चौथीतला असाच एक मुलगा आग्र्याहून सुटका रंगवून सांगायचा, कागदावर मात्र तीन ओळी. मी वर्षभर त्या तीन ओळींनाच गुण दिले. दहावीला अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. त्याआधीची नऊ वर्षे शिकवणे मात्र सर्वांना एकाच मापाचे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनातले असे अडखळणेही येते. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. ते नेमलेच पाहिजेत. पण फिरते विशेष शिक्षक आमच्याकडे यायचे तेव्हा मुलाला बाजूला नेऊन शिकवायचे. ते गेले की मूल पुन्हा माझ्याच वर्गात, माझ्याच पाठीकडे पाहत.

आणखी एक रकाना म्हणजे आणखी एक कागदी घोडा, असे माझे जुने सहकारी म्हणतील. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांनी ते आधीच पिचलेले आहेत. मग ‘शैक्षणिक साहित्य’ हा रकाना काढा. तिथे वर्षानुवर्षे ‘तक्ता, चित्रे’ एवढेच उतरवले जाते. नागपूर जिल्हा परिषद व महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निदान एका केंद्रात, म्हणजे शाळांच्या एका गटात, हे यंदा करून पाहावे. आणि केंद्रप्रमुखांनी त्या रकान्यावर सही करण्याआधी अर्धा तास शेवटच्या बाकावर बसावे.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
नंदनवन, नागपूर