चिप तापवली की बदलली, हे बिलावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉप सुरू केल्यावर पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो किंवा त्यावर उभ्या रंगीत रेघा उमटतात, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानात बहुधा ‘ग्राफिक्स चिप’ (पडद्यावरचे चित्र तयार करणारी चिप) ‘गेली’ असे निदान होते. आणि मदरबोर्ड, म्हणजे ती चिप बसवलेला मुख्य बोर्ड, बदलण्याचा खर्च ऐकून ग्राहक हबकला की ‘हीट देऊन बघू’ हा स्वस्तातला पर्याय पुढे येतो. तोच प्रयोग घरच्या घरी करणारेही पुष्कळ आहेत. कोणी मदरबोर्ड सुटा करून, त्याखाली ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यांचे पाय लावून तो ओव्हनमध्ये ठेवतो, कोणी रंग खरवडण्याची हीट गन चिपवर धरतो. त्यांपैकी अनेकांचा पडदा खरोखरच उजळतो आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती तिथेच. चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला, असे ग्राहक समजतो, दुकानदार त्याला तसे समजू देतो आणि बिलावर ‘मदरबोर्ड रिपेअर’ एवढेच दोन शब्द पडतात. माझी तक्रार या दोन शब्दांविषयी आहे.

उष्णतेने चिपचे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. मदरबोर्डवर दिसणारा ग्राफिक्स चिपचा चौकोन एकसंध नसतो. मधोमध असलेला चकचकीत सिलिकॉनचा तुकडा खालच्या पातळ हिरव्या पट्टीवर सोल्डरच्या, म्हणजे वितळवून जोड देण्याच्या मिश्रधातूच्या, अतिसूक्ष्म बिंदूंनी जोडलेला असतो आणि ती पट्टी मदरबोर्डवर त्याहून मोठ्या, म्हणजे साधारण खसखशीएवढ्या सोल्डरच्या गोळ्यांनी बसवलेली असते. सोल्डरचे जोड असे दोन मजल्यांवर असतात. तापल्यावर सिलिकॉन अगदी थोडे प्रसरण पावते, तर खालची पट्टी त्याच्या कितीतरी पट पसरते. लॅपटॉप रोज तापतो आणि निवतो, त्यामुळे ही ओढाताण वर्षानुवर्षे चालू राहते. ती सोसता यावी म्हणून सिलिकॉन आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारे चिकट द्रव्य, भरतात. ते एपॉक्सी चिपच्या रोजच्या तापमानालाच मऊ पडू लागले, तर सगळा ताण वरच्या मजल्यावरच्या बिंदूंवर येतो आणि त्यांना तडे जातात.

हा केवळ पुस्तकी तर्क नव्हे. २ जुलै २००८ रोजी ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील काही चिपांच्या जोडणीत वापरलेले साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून वॉरंटी, दुरुस्ती आणि बदली यांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्याच वर्षी ॲपलने एनव्हिडियाची ८६००एम जीटी ही चिप असलेल्या मॅकबुक प्रो लॅपटॉपमधील हा दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. अमेरिकेतील ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०१० मध्ये तडजोड झाली आणि एचपी, डेल व ॲपल यांच्या ठरावीक मॉडेलांच्या मालकांना दुरुस्ती किंवा बदली मिळाली. ती अमेरिकेपुरतीच होती, हे वेगळे सांगायला नको. पुढे २०११ सालच्या मॅकबुक प्रोमधील एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या चिपांबाबतही ॲपलला फेब्रुवारी २०१५ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना काढावी लागली.

आता तापमानांचे आकडे पाहू. शिसे आणि कथिल यांचे जुन्या पद्धतीचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर निर्बंध आल्यावर सर्वत्र रूढ झालेले शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांनंतर वितळू लागते. नादुरुस्तीसाठी गाजलेल्या त्या काळातील चिपांच्या आतले बिंदू मात्र जास्त शिशाच्या मिश्रणाचे होते आणि ते वितळायला ३०० अंशांहून अधिक तापमान लागते. घरगुती प्रयोगात बोर्ड २०० अंशांच्या आसपास आठ-दहा मिनिटे ठेवला जातो. याचा अर्थ असा की, त्या ओव्हनमध्ये खालच्या मजल्यावरचे सोल्डर वितळत नाही आणि वरच्या मजल्यावरचे तर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. तरीही पडदा येतो, कारण प्रसरणामुळे तड्याची दोन टोके पुन्हा एकमेकांना टेकतात. दुकानातले कारागीर चिप अंगठ्याने दाबून डिस्प्ले येतो का ते पाहतात, त्यामागचे तत्त्व हेच. टेकलेली टोके पुढच्या तापण्या-निवण्यात पुन्हा सुटतात. कोणाची आठवड्यात, कोणाची काही महिन्यांत. दुकानदार एक महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतो, त्याचे रहस्य मला तरी यातच दिसते.

घरी हा प्रयोग करणाऱ्यांना मी स्पष्टपणे नको म्हणेन, आणि त्याची कारणे केवळ बोर्डापुरती नाहीत. बॅटरी किंवा बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढायचा राहिला, तर तो ओव्हनमध्ये फुटू शकतो. प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात, कपॅसिटर फुगतात, आणि फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात ते रसायन) व प्लास्टिक यांची वाफ ज्या ओव्हनच्या भिंतींवर बसते, त्याच ओव्हनमध्ये पुढच्या रविवारी नानकटाई होणार असते. हीट गनने एकच कोपरा तापून बोर्ड वाकतो, तो वेगळाच. त्यातच आपल्याकडे पावसाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चिपच्या आवरणात पाणी मुरलेले असते आणि ते एकदम तापले की आतल्या आत वाफ होऊन थर सुटतात. या प्रकाराला कारागीर ‘पॉपकॉर्न होणे’ म्हणतात. म्हणून जाणकार कारागीर बोर्ड आधी मंद आचेवर कित्येक तास सुकवतो, खालून सावकाश तापवतो आणि मगच चिपला हात घालतो.

‘निदान डेटा काढण्यापुरते तरी चालू होऊ दे,’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. जुन्या लॅपटॉपचा डेटा सुट्या डिस्कमध्ये असतो. ती स्क्रू काढून बाहेर येते आणि केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते; त्यासाठी मेलेल्या चिपला जागे करण्याची गरज नसते. स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेल्या नव्या लॅपटॉपपुरता हा युक्तिवाद मी मान्य करतो, पण तेथेही काम कुशल माणसाकडूनच करून घ्यावे. शिवाय ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि वेगळी चिप असे दोन्ही असते, त्यांपैकी काहींमध्ये वेगळी चिप बंद करून काम भागवता येते. २०११ चा पंधरा इंची मॅकबुक प्रो अनेकांनी असाच काही वर्षे अधिक वापरला आहे. खेळ किंवा जड व्हिडिओ त्यावर चालणार नाहीत, पण पत्र, हिशेब, अभ्यास चालतो. हा पर्याय दुकानात स्वतःहून क्वचितच सुचवला जातो.

रिबॉलिंगचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण त्याच्या नावाने बरेच पैसे घेतले जातात. रिबॉलिंगमध्ये चिप उचलतात, जुने सोल्डर साफ करतात, जाळीतून नवे गोळे बसवतात आणि चिप पुन्हा जागेवर लावतात. हे कसबाचे काम आहे आणि ते करणाऱ्याच्या हाताविषयी मला आदर आहे. मात्र त्यात बदलतो तो खालचा मजला. तडा वरच्या मजल्यावर असेल, तर तीच जुनी चिप नव्या गोळ्यांवर बसवून काही साधत नाही. रिबॉलिंग करतानाच्या उष्णतेने ती जागी होते आणि श्रेय गोळ्यांना जाते. अशा वेळी खरी दुरुस्ती म्हणजे दुसरी, चांगली चिप लावणे, आणि तीही नवी आहे की दुसऱ्या बोर्डावरून काढलेली, हे ग्राहकाला कळले पाहिजे.

आता बिलाकडे येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील उणिवेच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे समाविष्ट आहे, आणि विहित पद्धतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्याचा रोख कंपन्यांनी सुटे भाग व माहिती द्यावी यावर आहे आणि तो योग्यच आहे. बोर्डाचा नकाशा आणि अस्सल चिप रास्त किमतीला मिळाली असती, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कारागिराला हीट देण्याचा आधार इतका घ्यावा लागला नसता. परंतु कंपन्यांचे दार उघडेपर्यंत दुकानदाराने आपल्या हातातले तरी करावे. ‘चिप फक्त तापवली’, ‘रिबॉलिंग केले, चिप जुनीच’ किंवा ‘चिप बदलली, वापरलेली’ यांपैकी जे खरे असेल ते बिलावर लिहावे आणि दर त्याप्रमाणे लावावा. तात्पुरता उपाय तात्पुरता म्हणून विकायला माझी हरकत नाही. परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी तो जाणूनबुजून घेईलही.

या नोंदीची सर्वांत जास्त गरज जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत आहे. तापवून जागा केलेला लॅपटॉप दुकानातल्या टेबलावर तासभर उत्तम चालतो आणि तेवढ्यात सौदा पुरा होतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी असा लॅपटॉप घेणाऱ्या पालकाला मागच्या पॅनेलखाली चिपभोवती वाळलेल्या फ्लक्सचे तपकिरी कडे किंवा कोपऱ्यांवरचे खरवडलेले एपॉक्सी ओळखता येईल, ही अपेक्षा रास्त नाही. ग्राहक संघटनांनी आणि संगणक विक्रेत्यांच्या संघटनांनी बिलाचा असा एक मराठी नमुना तयार करून दुकानांना द्यावा, आणि जुना लॅपटॉप विकताना आधीच्या दुरुस्तीचे बिल सोबत देण्याची पद्धत पाडावी, अशी विनंती मी आपल्या दैनिकातून करीत आहे.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक निवृत्त शिक्षक, पुणे