ताशी दर बघण्याआधी तास मोज

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. गोदामातल्या दोन जागा, एकीचा ताशी दर दुसरीपेक्षा दहा टक्के जास्त, आणि तू विचारतोस की यात एवढं काय बघायचं. बघायचं बरंच आहे. जाहिरातीत दर छापतात, पण तो नेमक्या किती तासांना लागू होतो ते छापत नाहीत. शिवाय आज हातात पडणारा दर आणि वर्षाने मिळू शकणारा दर यांच्यात जे अंतर असतं ते तू कुठलं काम शिकतोस त्यावर ठरतं. म्हणून आधी हिशोब, मग काम.

कमी दराची जागा १०० धरू, म्हणजे दुसरी ११०. ११० वालीत शिफ्ट आठ तासांची, पण जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी. म्हणजे पगार साडेसात तासांचा, ८२५. गेटवर झडती आणि रांग यात येताना पंधरा आणि जाताना पंधरा मिनिटं गेली, ती कोणी मोजत नाही. शिवाय घरून जायला एक तास, यायला एक तास. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत साडेदहा तास. ८२५ ला साडेदहाने भाग, ७८ आणि वर थोडे. आता १०० वाली. सुट्टी पगारात धरलेली, आठ तासांचे ८००, आणि कंपनीची बस वीस मिनिटांत पोचवते. एकूण आठ तास चाळीस मिनिटं. भागाकार येतो ९२. यात तिकिटाचा खर्च अजून वजा केलेलाच नाही. तुझ्याकडच्या दोन जागांचे खरे आकडे घालून हाच भागाकार कर, उत्तर उलटंही येऊ शकेल.

दुसरी गोष्ट लहान दिसते, पण खिसा तीच कापते. हजेरीपत्रकात तास दशांशात लिहितात. सात तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे ७.७५. कोणी घाईत ७.४५ लिहिलं तर अठरा मिनिटं गेली. महिन्याचे चोवीस दिवस तसंच चाललं तर ७.२ तास, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी, आणि यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. पंच केलेली वेळ जवळच्या पंधरा मिनिटांवर नेऊन टाकणारी यंत्रणा असेल तर ती दोन्ही बाजूंनी नेते का तेही बघ. उशीर पुढे ढकलायचा आणि जास्तीचं काम मागे, असं असेल तर नुकसान रोजचं आहे. आपली येण्याजाण्याची वेळ एका वहीत लिहून ठेव, आणि पगाराची चिठ्ठी आली की ताडून बघ.

ओव्हरटाइम कुठे दीडपट असतो, कुठे दुप्पट. पण कशाच्या दीडपट? नुसत्या मूळ दराच्या, की रात्रपाळीचा भत्ता आणि इन्सेंटिव्ह धरून? आणि मोजणी दिवसावर की आठवड्यावर? आठवड्यावर असेल तर सोमवारी दहा तास राबवून शनिवारी लवकर घरी पाठवलं की ओव्हरटाइम शून्य.

इन्सेंटिव्हचं आणखी वेगळं. तासाला ऑर्डरच्या यादीतल्या अमुक ओळींचा माल उचलला तर जादा पैसे असं सांगतात. प्रिंटर अडकला, बिन म्हणजे माल ठेवायचा कप्पा रिकामा निघाला, स्कॅनरची बॅटरी बदलायला गेलास, तो वेळ कुठे जातो ते विचार. बऱ्याच ठिकाणी असा वेळ नोंदवायला स्कॅनरमध्ये वेगळा कोड असतो, आणि नव्या माणसाला तो कोणी सांगत नाही. मग त्याचा वेग कमी दिसतो आणि तो बिचारा जास्त पळत सुटतो. पळण्याने काय होतं ते आता सांगतो.

पिकिंग म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल गोळा करणं. तासाला १२० ओळी धर, सात तासांत ८४०. अचूकता ९९.५ टक्के म्हणजे ऐकायला झकास, पण त्या दिवशी चार चुका गेल्या. आणि एक चूक एका जागी थांबत नाही. शेजारच्या बिनमधली वस्तू उचललीस तर या बिनमध्ये एक नग जास्त, त्या बिनमध्ये एक कमी, वर ग्राहकाकडून माल परत. तीन माणसांचा वेळ. म्हणून सुपरवायझर वेगापेक्षा चुकांचा तक्ता आधी बघतो, आणि कायम कोणाला करायचं ते त्यावरून ठरवतो.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. पहिली एककाची. ऑर्डरमध्ये १२ लिहिलंय, ते १२ नग की १२ बॉक्स? आतल्या पाकिटावर वेगळा बारकोड आणि बाहेरच्या खोक्यावर वेगळा असतो. बाहेरचा स्कॅन करून आतला नग उचलला की गोंधळ पक्का. दुसरी सारख्या दिसणाऱ्या मालाची: तोच रंग, तेच पाकीट, फरक फक्त मापात. तिथे नाव वाचू नकोस, कोडचे शेवटचे चार आकडे वाच. तिसरी चूक अनुभवी माणसांची. हेडफोनवर सूचना ऐकून काम चालतं तिथे प्रत्येक बिनवर एक छोटा तपासणी आकडा चिकटवलेला असतो आणि तो मोठ्याने वाचायचा असतो. महिनाभरात माणसाला नेहमीच्या बिनांचे आकडे पाठ होतात, मग तो बिनकडे न बघताच आकडा म्हणतो आणि हात भलत्याच बिनमध्ये घालतो. म्हणूनच शहाणी गोदामं ते आकडे अधूनमधून बदलतात.

पाठीचं आता. 'खाली वाक, गुडघ्यातून उचल' हे सगळे सांगतात, अंतराचं कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं १९९१ चं वजन उचलण्याचं सूत्र आहे. परिस्थिती उत्तम असेल तर मर्यादा २३ किलो. उत्तम म्हणजे माल अंगाला लागून, हात घोट्यांपासून २५ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच, अंगाला पीळ नाही, आणि उचलण्याची घाई नाही. हात ५० सेंटिमीटर पुढे गेले की मर्यादा निम्मी, साडेअकरा. तेच खोकं थेट जमिनीवरून उचलायचं असेल तर नऊ किलोच्याही खाली. म्हणजे पॅलेटच्या, खोकी रचायच्या लाकडी पाटाच्या, पलीकडच्या कोपऱ्यातलं दहा किलोचं खोकं जवळच्या वीस किलोच्या खोक्यापेक्षा जास्त घात करतं. उपाय एकच, पॅलेटला वळसा घालून जा. चार पावलं जास्त पडतात, पडू देत.

पॅलेट रचणं हे काम हलकं समजतात, पण ज्याला ते नीट येतं त्याला लोडिंगवर टिकवून ठेवतात. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट घे आणि ४०० बाय ३०० चं खोकं. सगळी एकाच दिशेने लावलीस तर नऊ बसतात आणि १०० मिलिमीटरची पट्टी वाया जाते. दुसऱ्या दिशेने लावलीस तर आठच. आता हजारच्या बाजूचे ४००, ३०० आणि ३०० असे तीन भाग कर. पहिल्या रांगेत खोक्याची ३०० ची बाजू बाराशेच्या कडेला लावून चार, पुढच्या दोन रांगांत ४०० ची बाजू लावून तीन-तीन. झाली दहा, पॅलेट काठोकाठ भरलं, बाहेर काही लोंबत नाही. पुढचा थर तसाच्या तसा फिरवून ठेवला की विटांसारखी सांधेमोड होते आणि ढीग एकसंध राहतो. पण पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर ते वजन पेलतं, सांधेमोडीत वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या भागावर येतो आणि तो दबतो. म्हणून माल जड असेल तर खालचे थर सरळ कोपऱ्यावर कोपरा, आणि वरचा एकदोन थर तेवढा फिरवलेला. स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक, लावताना पहिले तीन वेढे पॅलेटच्या लाकडालाही धरून घे. नुसत्या खोक्यांना गुंडाळलंस तर ट्रकच्या पहिल्या ब्रेकला फिल्मसकट आख्खा ढीग पॅलेटवरून घसरतो. वर जाताना प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्या रुंदीवर चढव.

दर वाढायला लागतो तो मशीनवर बसल्यापासून. हँड पॅलेट, म्हणजे पॅलेट ओढायची हातगाडी, कोणीही ओढतो. रीच ट्रक (उंच रॅकवर पॅलेट चढवणारं मशीन) आणि फोर्कलिफ्टला प्रशिक्षण आणि दाखला लागतो, आणि रीच ट्रकवाले सहसा कमी मिळतात, कारण अरुंद गल्लीत, डोक्याच्या बऱ्याच वर, माल उचलणाऱ्या काट्याची टोकं नजरेने जुळवावी लागतात. फोर्कलिफ्ट शिकताना एक हिशोब पक्का कर. मशीनच्या पाटीवर, समजा, २००० किलो, ५०० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ मालाचा मध्य काट्याच्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच दोन टन. माल १४०० मिलिमीटर लांब असेल तर मध्य ७०० वर जातो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून काट्याच्या पाठीपर्यंत ४५० मिलिमीटर धरले तर ९५० ला ११५० ने भागून दोन हजारांनी गुण. उरतात साधारण १६५० किलो. साडेतीनशे किलो नुसत्या लांबीने खाल्ले. हा अंदाज आहे, अंतिम शब्द त्या मशीनच्या पाटीचा, आणि माल जितका उंच न्यायचा तितकी क्षमता आणखी घटू शकते.

बाकीचं थोडक्यात. वळतात ती मागची चाकं, म्हणून वळणावर शेपूट बाहेर फेकलं जातं आणि बाजूने चालणाऱ्याला तेच लागतं. चालवताना काटे जमिनीपासून वीतभरच वर. उतारावर भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे खाली येताना रिव्हर्स. आणि बसून चालवायची फोर्कलिफ्ट कलंडायला लागली तर उडी मारू नकोस. उडी मारणारा ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला वरचा सांगाडा येतो. पट्टा लावलेला, हात स्टिअरिंगवर घट्ट, पाय रोवलेले, आणि अंग कलंडण्याच्या उलट दिशेला. डॉकवर, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या धक्क्यावर, ट्रकमध्ये शिरण्याआधी चाकांना अडण्या लावल्यात का ते स्वतः उतरून बघ, ड्रायव्हरच्या शब्दावर जाऊ नकोस. मशीन आतबाहेर करताना दर हिसक्याला ट्रक थोडाथोडा पुढे सरकू शकतो आणि मध्ये फट पडते.

शीतगृहाची जाहिरात दिसली तर भत्त्याला भुलण्याआधी तापमान विचार. उणे अठरा आणि त्याहून खाली काम वेगळंच असतं. स्कॅनरची बॅटरी लवकर उतरते, बाहेर आलास की काचेवर वाफ धरते. अंग गरम करायला बाहेर यावंच लागतं, तो वेळ पगारात आहे का तेच खरं बघायचं.

मला विचारशील तर तुझ्या स्वभावाला सगळ्यात बरं काम म्हणजे स्टॉकची मोजणी, ज्याला सायकल काउंट म्हणतात. तुला शाळेपासून हिशोबाची खोड. इथे अंगमेहनत कमी, आणि जमलं तर दर पिकरपेक्षा वर. मोजणाऱ्याला सहसा सिस्टीममधला आकडा दाखवत नाहीत, कारण दाखवला की माणूस तोच मोजतो. फरक निघाला की लगेच आकडा दुरुस्त करणारा माणूस कच्चा. पक्का माणूस आधी दुसऱ्याकडून मोजून घेतो, मग डावी-उजवी-वरची-खालची बिनं बघतो, मग माल आत आलाय पण रॅकवर लावल्याची नोंद राहिलीय का, आणि उचललाय पण बाहेर गेल्याची नोंद व्हायचीय का ते तपासतो. फरक नेमका १२ किंवा २४ असेल तर नग-बॉक्सचा घोळ आहे असं समजून सुरुवात कर, बहुतेक वेळा तेच निघतं. एक्सेलमध्ये दोन याद्या कोडवरून जुळवता आल्या आणि पिव्हट टेबल, म्हणजे गटवार बेरजेचा तक्ता, काढता आलं तरी सुरुवातीला पुरे. पंधरा दिवस रोज तासभर बसलास तर येईल.

बूट स्वतः निवड, संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सुजून खऱ्या मापाचे झालेले असतात. बुटाच्या पोलादी टोकात बोटं हलली पाहिजेत. बुटांचे, गणवेशाचे किंवा फुटलेल्या मालाचे पैसे पगारातून कापतात का, आणि ठेकेदारामार्फत असशील तर पगार कोण आणि कुठल्या तारखेला देणार, हे लेखी घे. तोंडी 'बघू आपण' म्हणाले तर कापतात असं धर.

दोन्ही जागांच्या कागदांचे फोटो काढून पाठव. शिफ्टची वेळ, सुट्टी पगारी की बिनपगारी आणि ओव्हरटाइमची ओळ, एवढं स्पष्ट दिसेल असे काढ. आणि १०० वाल्या जागेत रीच ट्रक शिकवतात का, किती महिन्यांनी, आणि शिकल्यावर दर किती होतो, हे सोमवारी फोन करून विचार. त्यांनी आकडा सांगितला तर मी तीच घे म्हणेन.

तुझा,
बाळ्या


ता. क. सातच्या शिफ्टला सात वाजता पोचायचं की सात वाजता अंगावर जॅकेट आणि हातात स्कॅनर पाहिजे, हेही त्याच फोनवर विचारून घे.